वादळाचा केसपेपर

माझी भाची सध्या मराठीतल्या एका ज्ञानकोशासाठी नोंदी लिहिते. गेल्या महिन्यात तिने एक नोंद माझ्याकडे तपासायला पाठवली. विषय होता अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टनचे चक्रीवादळ. मृतांचे आकडे आणि साथीच्या रोगांचा परिच्छेद मामाने डॉक्टर म्हणून पाहून द्यावा, एवढीच तिची अपेक्षा होती.

नोंद नेटकी होती आणि सनावळी बरोबर होती. ८ सप्टेंबर १९०० या दिवशी टेक्सस राज्याच्या किनाऱ्यावरचे हे बेट समुद्राने गिळले. किमान सहा हजार, बहुधा आठ हजार आणि काही अंदाजांप्रमाणे बारा हजार माणसे गेली. नैसर्गिक आपत्तीत अमेरिकेत एवढी माणसे त्याआधी किंवा त्यानंतर कधीही मेलेली नाहीत. नोंदीच्या शेवटच्या वाक्यात म्हटले होते की स्थानिक हवामान अधिकारी डॉ. आयझॅक क्लाइन यांनी घोडागाडीतून किनाऱ्यावर फिरून लोकांना सावध केले आणि हजारोंचे प्राण वाचवले.

त्या वाक्यापाशी मी अडखळलो. सरकारी रुग्णालयात दर महिन्याला मृत्यू-परीक्षणाची सभा असते. त्या महिन्यात दगावलेल्या रुग्णांचे केसपेपर टेबलावर येतात आणि आम्ही ते ओळ न् ओळ वाचतो. अनेक वर्षे हे करून दोन प्रश्न अंगवळणी पडले आहेत. ही ओळ कोणी लिहिली आणि केव्हा लिहिली, हा पहिला. या कागदावर काय लिहिलेले नाही, हा दुसरा. ज्ञानकोशातली नोंद तपासायची माझी दुसरी काही पद्धत नाही. तीच मी लावली, आणि त्यातून या डॉक्टर क्लाइनचे सगळे आयुष्यच वाचून काढावे लागले.

आयझॅक मन्रो क्लाइनचा जन्म १३ ऑक्टोबर १८६१ रोजी टेनेसी राज्यातल्या मॅडिसनव्हिल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या काळी अमेरिकेत हवामानाच्या नोंदी ठेवण्याचे काम सैन्याच्या सिग्नल विभागाकडे होते. कारण सोपे होते. हवामानाचा अंदाज करायचा तर दूरदूरच्या ठिकाणची निरीक्षणे एकाच वेळी हाती यायला हवीत, आणि तारायंत्राची शिस्त सैन्याकडे होती. १८८२ मध्ये क्लाइन या सेवेत शिरला. प्रशिक्षणानंतर त्याची नेमणूक आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक इथे झाली. तिथे नोकरी सांभाळून त्याने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८८५ मध्ये डॉक्टर झाला.

दवाखाना मात्र त्याने थाटला नाही. हवामानाचा माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, हा त्याच्या कुतूहलाचा विषय होता. आज उष्माघात, डेंगी, दमा यांचा विचार आपण तापमान आणि पावसाशी जोडून करतो. त्या वेळी या अभ्यासाला नुकती सुरुवात होत होती. पुढे गॅल्व्हेस्टनला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तिथे क्लाइन हाच विषय शिकवत असे. म्हणजे हा नुसता बॅरोमीटर वाचणारा कारकून नव्हता. आपल्या पेशातला होता आणि शिक्षकही होता.

टेक्ससमध्ये फोर्ट काँचो आणि मग ॲबिलीन इथे त्याने काम केले. ॲबिलीनला त्याला कोरा मे बेल्यू भेटली. १८८७ मध्ये दोघांचे लग्न झाले. १८८९ च्या मार्च महिन्यात त्याची गॅल्व्हेस्टनला बदली झाली, तीही टेक्ससच्या हवामान सेवेचा प्रमुख म्हणून. तेव्हा तो अवघ्या सत्तावीस वर्षांचा होता.

गॅल्व्हेस्टन म्हणजे मेक्सिकोच्या आखातातली वाळूची एक लांबट पट्टी. शहर तिच्या पूर्व टोकाला वसलेले. कापसाच्या व्यापाराने ते टेक्ससमधल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक झाले होते. वीज, टेलिफोन, रस्त्यावरच्या ट्राम, सगळे होते. लोकवस्ती ३७ हजारांवर होती. उंची मात्र नव्हती. बेटावरची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ८.७ फूट, म्हणजे तीन मीटरसुद्धा नाही. आपल्याकडच्या एका साध्या घराच्या छताइतकी.

धोका कोणाला कळला नव्हता असे नाही. याच किनाऱ्यावर, नैर्ऋत्येला दोनशे किलोमीटरच्या आत, इंडियानोला नावाचे दुसरे भरभराटीचे बंदर होते. १८७५ च्या वादळाने ते मोडले. लोकांनी पुन्हा उभारले. १८८६ च्या वादळाने ते पुन्हा झोपले आणि मग लोक गाव सोडून गेले. शेजारच्या गावाची ही दशा पाहून गॅल्व्हेस्टनच्या पुढाऱ्यांनी समुद्राच्या बाजूने संरक्षक भिंत बांधायची भाषा केली. पण इंडियानोलाचा धसका ओसरला, खर्चाचा आकडा समोर आला आणि भिंत कागदावर राहिली.

भाचीच्या नोंदीत नसलेली गोष्ट इथे येते. १८९१ च्या जुलै महिन्यात शहरातल्या प्रमुख दैनिकात डॉ. क्लाइनचा एक लेख छापून आला. टेक्ससच्या किनाऱ्याला अशा वादळांची फारशी भीती नाही, गॅल्व्हेस्टनचे मोठे नुकसान होईल ही समजूत निव्वळ खुळेपणाची आहे, असा त्याचा आशय होता. त्याने कारणे दिली होती. वेस्ट इंडीजकडून येणारी वादळे वाऱ्यांच्या नियमांप्रमाणे उत्तरेकडे वळून जातात, इकडे आली तर तो अपवाद. शिवाय इथला समुद्रतळ हळूहळू उतरत जातो, त्या उथळ उतारावर लाटांचा जोर मोडतो. आणि पाणी चढलेच तर बेटापलीकडच्या मुख्य भूमीवरच्या सखल प्रदेशात पसरून जाईल.

लिहिणारा हवामान खात्याचा प्रमुख, त्यात डॉक्टर, वय तिशीच्या आत, आणि लोकांना जे ऐकायचे होते तेच सांगणारा. भिंत न बांधण्याला आता शास्त्राचा आधार मिळाला. ती न बांधण्यामागे पैशाचे आणि राजकारणाचेही कारण होते, त्यामुळे सारा दोष एका लेखावर टाकणे अन्यायाचे होईल. पण नोंदीतून तो लेख गाळणे हाही अन्यायच, आठ हजार माणसांवर केलेला.

त्याची चूक नेमकी कुठे होती हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तो अर्धा बरोबर होता. उथळ तळावर लाटा फुटतात आणि त्यांचा जोर कमी होतो, हे खरे. पण चक्रीवादळात माणसे मारते ती नेहमीची लाट नव्हे. मारते ते वादळी उधाण, म्हणजे समुद्राची आख्खी पातळीच वर चढणे. हवेचा दाब कमी झाला की पाणी थोडे वर उचलले जाते. दाब एक मिलिबार उतरला तर साधारण एक सेंटिमीटर. हा भाग लहान असतो. मोठा भाग वाऱ्याचा. तासन् तास एका दिशेने वाहणारा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो. समुद्र खोल असेल तर ढकललेले पाणी खालून परत फिरते. समुद्र उथळ असेल तर खालून परत जायला जागाच नसते, मग ते जमिनीवर चढते. ज्या उथळपणावर क्लाइनने भरवसा ठेवला, तोच शहराचा वैरी होता.

हे ज्ञान त्या काळी जगात नव्हतेच असेही नाही. बंगालचा उपसागर उत्तरेला असाच उथळ आहे. चक्रीवादळाला इंग्रजीत सायक्लोन हे नाव देणारा हेन्री पिडिंग्टन कलकत्त्यात राहून वादळांचा अभ्यास करत असे. मातला नदीच्या मुखाजवळ नवे बंदर बांधू नका, एक दिवस समुद्र ते बुडवेल, असा लेखी इशारा त्याने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला दिला होता. त्याचे कोणी ऐकले नाही. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला, आणि १८६७ च्या वादळाने ते पोर्ट कॅनिंग उद्ध्वस्त केले. १८७६ मध्ये बाकरगंजच्या किनाऱ्यावर आलेल्या उधाणात आणि त्यामागून आलेल्या कॉलरा-उपासमारीत मिळून दोन लाखांच्या आसपास माणसे गेली. क्लाइनचा लेख यानंतर पंधरा वर्षांनी आला. रोग पुस्तकात असतो, आपल्या वॉर्डातही असू शकतो हे मात्र सुचत नाही. डॉक्टरांना हे चांगले ठाऊक आहे.

आता सप्टेंबर १९०० कडे येऊ. वादळ क्यूबावरून गेले. हवानाच्या बेलेन वेधशाळेतले जेझुइट धर्मगुरू वादळे ओळखण्यात वाकबगार होते. हे वादळ आखातात शिरून टेक्ससकडे चालले आहे, असा त्यांचा कयास होता. पण अमेरिकेच्या हवामान खात्याचा प्रमुख विलिस मूर याला क्यूबातल्या लोकांचे अंदाज म्हणजे अकारण घबराट वाटे. त्याच्या आग्रहावरून ऑगस्टअखेरीस क्यूबातून हवामानाच्या तारा पाठवण्यावरच बंदी आली होती. वॉशिंग्टनच्या नकाशावर हे वादळ फ्लोरिडाकडे वळून अटलांटिकमध्ये जाणार होते. त्यातच धोक्याचा इशारा देण्याचा अधिकार वॉशिंग्टनने स्वतःकडे ठेवला होता. स्थानिक अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर चक्रीवादळ हा शब्द वापरायचा नाही, असा दंडक होता.

शुक्रवारी, ७ तारखेला, वॉशिंग्टनहून आदेश आला आणि गॅल्व्हेस्टनच्या हवामान कचेरीवर वादळाचा बावटा चढला. लाल कापडावर काळा चौकोन. आपल्या कोकणातल्या बंदरांवर तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमार होड्या ओढून घेतात, तसाच हा इशारा. पण गॅल्व्हेस्टनकरांनी असे बावटे पूर्वीही पाहिले होते. शनिवारी सकाळी लोक कामाला गेले. काहीजण खवळलेला समुद्र पाहायला मुलांना घेऊन किनाऱ्यावर आले.

क्लाइनबरोबर त्याचा धाकटा भाऊ जोसेफही त्याच कचेरीत काम करत असे आणि त्याच्याच घरी राहत असे. शनिवारी पहाटे पाणी किनाऱ्याजवळच्या अंगणांत शिरल्याचे जोसेफच्या ध्यानात आले. आयझॅक किनाऱ्यावर गेला आणि घड्याळ लावून लाटा मोजू लागला. आग्नेयेकडून लांब, जड लाटा एक ते पाच मिनिटांच्या अंतराने येत होत्या. वारा उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. अशा वाऱ्याने पाणी मागे हटायला हवे. ते पुढे येत होते. वाऱ्याविरुद्ध चढणारे असे पाणी आपण इथे पाहिलेले नाही, अशा अर्थाची तार त्याने वॉशिंग्टनला केली. ज्याला लक्षणे वाचता येतात त्याने वाचलेले हे लक्षण अचूक होते. फक्त नऊ वर्षे उशिरा.

यानंतर आपण घोडागाडी जुंपून किनाऱ्यावर फिरलो, लोकांना उंच जागी जायला सांगितले आणि त्यामुळे सहा हजार जीव वाचले, असे क्लाइनने नंतर लिहिले. नोंदीतले ते वाक्य इथून आले आहे. ते सांगणारा मुख्य साक्षीदार तो स्वतः आहे. त्या रात्रीतून वाचलेल्या अनेकांनी आठवणी लिहिल्या, पण त्यांत हा घोडागाडीतला माणूस ठळकपणे भेटत नाही, म्हणून अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तो फिरलाच नाही असे म्हणायला पुरावा नाही. त्याने काही लोकांना नक्की सावध केले असेल. पण सहा हजार हा आकडा मोजलेला नाही. तो ज्याने केले त्यानेच लावलेला अंदाज आहे. ज्ञानकोशात तो तसाच सांगितला पाहिजे.

दुपारनंतर सगळे वेगाने बिघडले. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारे रेल्वेपूल पाण्याखाली गेले. टेलिफोनवरून ह्यूस्टनला शेवटचा निरोप देऊन झाला आणि तारा तुटल्या. आयझॅक कमरेइतक्या पाण्यातून घरी पोहोचला. घर किनाऱ्यापासून फार लांब नव्हते, पण मजबूत बांधलेले म्हणून प्रसिद्ध होते. आसपासची पन्नासेक माणसे तिथे आसऱ्याला आली होती. कोरा गरोदर होती आणि आजारी होती. शहराच्या मध्यभागी उंच जागी जावे असे जोसेफचे म्हणणे होते, असे त्याने पुढे लिहिले. आयझॅकने घरीच थांबायचे ठरवले. एवढ्या पाण्यातून आजारी बायको आणि तीन मुली घेऊन निघणे त्याला अधिक धोक्याचे वाटले असावे. त्या क्षणी कोणता निर्णय बरोबर होता, हे आज खुर्चीत बसून सांगायची माझी तयारी नाही.

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला ताशी शंभर मैलांची, म्हणजे १६० किलोमीटरची झोत नोंदवून वाऱ्याचे मोजमाप करणारे यंत्रच उडून गेले. बॅरोमीटर २८.४८ इंचांपर्यंत उतरला. रक्तदाबाच्या यंत्रातला पारा ज्या मिलिमीटरमध्ये आपण वाचतो त्यात सांगायचे तर नेहमीच्या ७६० ऐवजी ७२३. एवढ्या उताराने समुद्र जेमतेम अर्धा मीटर वर येईल. बाकीचे सगळे पाणी वाऱ्याने आणले. साडेसातच्या सुमारास काही सेकंदांत पाणी चार फुटांनी चढले. घरात उभ्या असलेल्या क्लाइनने तेही मोजले. घराशी जमीन ५.२ फूट उंच, तिच्यावर दहा फूट पाणी. पुढच्या तासात ते आणखी जवळजवळ पाच फूट वाढले, असा हिशेब त्याने नंतर दिला.

साडेआठ वाजता मोडलेल्या घरांचे आणि ट्रामच्या पुलाचे अवशेष लाटांबरोबर येऊन घरावर आदळले आणि घर कोसळले. जोसेफ दोन थोरल्या मुलींचे हात धरून खिडकी फोडून बाहेर पडला. आयझॅक वाशांखाली सापडून बेशुद्ध झाला. शुद्धीवर आला तेव्हा सहा वर्षांची धाकटी एस्तेर त्याच्या हाताला लागली. कोरा वर आलीच नाही. घरात आसरा घेतलेल्या पन्नासांपैकी अठराच वाचले. दोघे भाऊ आणि तीन मुली सुमारे तीन तास तरंगत्या लाकडांवर अंधारात वाहत गेले. ते किनाऱ्याला लागले ती जागा घरापासून तीनशे यार्डांवर होती. तीन आठवड्यांनी ढिगारे उपसताना कोराचा देह सापडला. ओळख पटली ती बोटातल्या अंगठीवरून.

शहराबाहेर सिस्टर्सच्या अनाथालयात दहा जोगिणी आणि नव्वद मुले गेली. जोगिणींनी मुले दोरीने स्वतःला बांधून घेतली होती. तीन मुलगे तेवढे वाचले.

आता भाचीने मला विचारलेला परिच्छेद. वादळानंतर हजारो प्रेते उन्हात पडली होती. साथ येईल या भीतीने शेकडो प्रेते वजने बांधून समुद्रात सोडली. ती लाटांबरोबर परत आली. मग कितीतरी आठवडे जागोजागी चिता पेटत होत्या. ओळख पटवायला, नातेवाइकांची वाट पाहायला वेळ दिला गेला नाही. म्हणूनच मृतांचा आकडा सहा हजार ते बारा हजार असा सैल आहे. खाटेवर मेलेल्याचे नाव रजिस्टरात असते. इथे रजिस्टर ठेवायलाच कोणी उरले नव्हते.

वैद्यकीयदृष्ट्या ती भीती बरीचशी चुकीची होती. बुडून किंवा जखमांनी मेलेल्या माणसांच्या प्रेतांमुळे सहसा साथ पसरत नाही. साथ पसरते ती वाचलेल्यांच्या गर्दीमुळे, विष्ठा मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यामुळे. जखमांतून धनुर्वात होतो, साचलेल्या पाण्यावर डास वाढतात. आपत्तीनंतरचे पहिले दिवस स्वच्छ पाणी, ओआरएस, जखमांची काळजी आणि लशी यांवर खर्च व्हायला हवेत, घाईच्या सामूहिक दहनावर नव्हे. ओळख पटण्याआधी देह जाळले की मागे राहिलेल्यांचे दुःख आणि वारसाहक्काचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळतात. पूर, भूकंप, दरड, कोणत्याही आपत्तीत लागू असलेली ही गोष्ट मी नोंदीत भर म्हणून सुचवली. रेडक्रॉसच्या क्लारा बार्टन ७८ व्या वर्षी मदतीला तिथे आल्या होत्या, हेही.

क्लाइनकडे परत जाऊ. बायकोचा देह अजून सापडायचा होता, अंगावरच्या जखमा ताज्या होत्या, तेव्हा, २३ सप्टेंबरला, त्याने वादळाचा अधिकृत अहवाल लिहिला. अहवाल संयमी आहे. आकडे आहेत, वेळा आहेत. पत्नीच्या मृत्यूची नोंद एखाद्या निरीक्षणासारखी एका वाक्यात येते. आणि शेवटाकडे तो सांगतो की समुद्राला भिंत असती तर बरेच जीव आणि मालमत्ता वाचली असती. पुरावा म्हणून शहराचा ईशान्य कोपरा दाखवतो. तिथे बंदराच्या दगडी धक्क्याचा आडोसा होता आणि लाटांचा पूर्ण जोर पोहोचला नव्हता.

मत बदलण्याचे धैर्य त्याच्यात होते. पुराव्यापुढे तो वाकला. पण १८९१ च्या लेखाचा अहवालात उल्लेख नाही. भिंत हवी होती, हे त्याने लिहिले. भिंत नको असे मीच म्हटले होते, हे लिहिले नाही.

भिंत पुढे झाली. १९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंचीची आणि तीन मैलांहून लांब. नंतर १९११ पर्यंत घरे जॅकवर उचलून त्यांच्याखाली वाळू भरून शहराची जमीनच उंच केली. १९१५ मध्ये तशाच तोडीचे वादळ आले, तेव्हा भिंतीमागच्या शहरात १९०० च्या मानाने अगदीच थोडी माणसे दगावली.

क्लाइनची १९०१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला बदली झाली. पुढची चौतीस वर्षे त्याने एकाच प्रश्नाला वाहून घेतली: उधाण किती चढेल आणि कुठे चढेल हे आधी कसे ओळखायचे? आखाताच्या किनाऱ्यावरच्या भरतीच्या नोंदी गोळा करून त्याने दाखवले की वादळाचे केंद्र कुठे जमिनीवर येणार, हे पाणी आधीच सांगते. १९२० मध्ये त्यावर त्याचा शोधनिबंध आला, १९२६ मध्ये उष्णकटिबंधातल्या वादळांवर ग्रंथ आला. वादळातला खरा मारेकरी वारा नसून पाणी आहे, हा त्याचा गाभा. तरुणपणी जे त्याने हसण्यावारी नेले, त्याच गोष्टीचा तो जाणकार झाला. मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुराआधीही त्याने इशारे दिले. १९३५ मध्ये निवृत्त होऊन त्याने न्यू ऑर्लिन्समध्ये चित्रांचे आणि जुन्या कलावस्तूंचे दुकान काढले. १९४५ मध्ये आत्मचरित्र लिहिले. पुढच्याच वर्षी जोसेफनेही आपल्या आठवणी छापल्या, आणि दोघांच्या कहाण्या सगळीकडे जुळत नाहीत. आयझॅक क्लाइन ३ ऑगस्ट १९५५ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी वारला.

त्याच्या आवडत्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याकडेही जीव वाचवते. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यांतली बहुतेक उधाणात. २०१३ मध्ये फायलिन वादळ आले, तेव्हा लाखो लोक आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या काही दशकांत राहिली. २०२० च्या जून महिन्यात निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हाही पाण्याच्या काठची वस्ती आधी हलवली गेली. इशारा आला की वारा किती हे विचारू नका, पाणी किती चढेल आणि आपले घर किती उंचीवर आहे हे विचारा. गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेला माणूस, डायलिसिसवरचा रुग्ण, यांना सर्वांत आधी हलवा. पाणी कमरेला लागल्यावर त्यांना हलवता येत नाही. रोजची औषधे आणि केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर घ्या.

भाचीला मी लिहून पाठवले की शेवटच्या एका वाक्याऐवजी तीन वाक्ये हवीत. १८९१ मध्ये क्लाइनने काय लिहिले, हे एक. १९०० मध्ये त्याने काय केल्याचे तो सांगतो आणि त्याला पुरावा किती, हे दुसरे. पुढच्या चौतीस वर्षांत त्याने काय शोधले, हे तिसरे. तिचा फोन आला. एवढ्या मोठ्या दुःखातून गेलेल्या माणसाची जुनी चूक उकरून काढणे निर्दयपणाचे नाही का, असे तिने विचारले. त्याची बायको त्यातच गेली, आणखी काय शिक्षा हवी?

प्रश्न रास्त होता. मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण मला एक माणूस आठवला.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ग्रामीण रुग्णालयात चाळिशीचा एक शेतकरी पोटाच्या वरच्या भागात दुखते म्हणून आला होता. घाम येत होता, एक उलटी झाली होती. ओपीडीत गर्दी होती. मी पित्त ठरवले, गोळ्या दिल्या आणि काळजीचे कारण नाही असे त्याच्या बायकोला ठामपणे सांगितले. ईसीजी काढला नाही. रात्री त्याला बैलगाडीतून परत आणले तेव्हा तो गेलेला होता. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका कित्येकदा पोटदुखीच्या रूपात येतो, हे मी नंतर कधी विसरलो नाही. माझ्या प्रत्येक इंटर्नला मी हे शिकवले. दरवर्षी या शेतकऱ्याची गोष्टही सांगितली. पण सांगताना नेहमी म्हणत आलो की एका डॉक्टरने त्याला घरी पाठवले होते.

भाचीला मी एवढेच म्हणालो की क्लाइनला शिक्षा द्यायला ती वाक्ये नकोत. भिंत का नव्हती, हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून हवीत. आणि तो नंतर किती चालत आला, हे कुठून निघाला ते सांगितल्याशिवाय दिसत नाही. तिने तिन्ही वाक्ये घेतली. नोंद आता अर्ध्या पानाने वाढली आहे.

परवा नव्या इंटर्नची बॅच आली. पोटदुखी आणि ईसीजी यावरचा माझा नेहमीचा तास होता. शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. या वेळी तो डॉक्टर मी होतो, हेही सांगितले. वर्गात थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. आदल्या रात्री कॅज्युअल्टीतून तिने पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलेल्या एका रुग्णाबद्दल तिला विचारायचे होते. तास तिथेच थांबवला. केसपेपरवर फोन नंबर होता. त्या माणसाला आम्ही परत बोलावून घेतले आणि ईसीजी काढला. तो नॉर्मल निघाला.